परळ ते पणजी, निळ्या पेटीबरोबर

१५ ऑक्टोबर २०२४, मंगळवार. परळ ते मुरूड

पहाटे साडेपाचला परळमध्ये, आचार्य दोंदे मार्गावर हाफकिन या लस बनवणाऱ्या संस्थेच्या फाटकाबाहेर नऊ सायकली उभ्या राहिल्या. एक दातांचे डॉक्टर, दोघे बँकेतले, एक पीटीचे सर, एक किराणा दुकानदार, एक वकीलबाई आणि इंजिनिअरिंगची तीन मुलं. सगळे आमच्या गावच्या रोटरी क्लबशी जोडलेले, पोलिओ निर्मूलनासाठी पैसे जमवत सायकलने पणजीपर्यंत निघालेले. मी सायकल चालवत नाही. मी टेम्पोत पुढे, मांडीवर निळी पेटी घेऊन बसले होते. पेटी सांभाळायची, पावत्या फाडायच्या आणि जो विचारेल त्याला नीट उत्तर द्यायचं, एवढं माझं काम.

ही पेटी म्हणजे व्हॅक्सिन कॅरियर. चार बाजूंना चार आइस पॅक, मधे लसीच्या कुप्या. १९८८ पासून २०२२ पर्यंत आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं अशी पेटी खांद्याला होती. या पेटीची कडी मोडली म्हणून ती निर्लेखित झाली होती. निवृत्तीच्या दिवशी आमच्या केंद्रातल्या फार्मासिस्टनी ती भंगारात न टाकता माझ्या हातात दिली. आता तिच्या झाकणाला चीर पाडून तिचा गल्ला केला आहे.

हाफकिनपासूनच निघायचं हा हट्ट माझा होता. आमच्याकडे येणाऱ्या पोलिओच्या कितीतरी कुप्यांवर हाफकिनचं नाव असायचं. आणि याच आवारातल्या एन्टेरोव्हायरस संशोधन केंद्रात आम्ही नमुने पाठवायचो. पंधरा वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, की चोवीस तासांच्या अंतराने त्याच्या शौचाचे दोन नमुने घ्यायचे, बर्फात ठेवायचे आणि मुंबईला धाडायचे. लस बर्फातून खाली कोकणात यायची, नमुने बर्फातून वर परळला जायचे. ३४ वर्षं मी या वाटेच्या एका टोकाला होते. दुसरं टोक आज पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. फाटक बंद होतं, तरी मी दोन मिनिटं उभी राहिले.

हिशेबाची रीत अशी. प्रत्येक सायकलस्वाराने ओळखीपाळखीच्या लोकांकडून किलोमीटरमागे पैसे कबूल करून घेतले आहेत. कुणी दोन रुपये, कुणी दहा, एकाने पन्नास. किनाऱ्याकिनाऱ्याने पणजीपर्यंत साधारण साडेपाचशे किलोमीटर होतात. वाटेत पेटीत जे पडेल ते वेगळं. सगळे पैसे रोटरी फाउंडेशनच्या पोलिओप्लस निधीत जाणार. रोटरीने वर्षाला ५ कोटी डॉलर जमवले की गेट्स फाउंडेशन त्यात दुप्पट भर घालतं आणि त्याचे १५ कोटी होतात. म्हणजे पेटीतला रुपया पोहोचेपर्यंत तीन रुपयांचा होतो. हे वाक्य या दहा दिवसांत मी किती वेळा म्हणणार आहे, देव जाणे.

भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडवा, मग अलिबाग. एसटी स्टँडसमोर टेम्पो लावला तर एका भाजीवालीने लांबूनच विचारलं, “आज रविवार नाय, मग पोलिओ कसा?” पेटी बघून तिला तेच आठवलं. रविवार, बूथ, करंगळीवरची शाई. तिने पेटीत वीस रुपये टाकले आणि शेजारणीला ओरडून आणखी दहा टाकायला लावले. रेवदंडा, काशीद, आणि संध्याकाळी मुरूड. पोरांच्या मांड्या भरून आल्या होत्या.

१६ ऑक्टोबर, बुधवार. मुरूड ते हरिहरेश्वर

आगरदांड्याहून जंगलजेटीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने, दिघी, पुढे दिवेआगर, श्रीवर्धन. दिवसभराचं सांगण्यासारखं विशेष नाही. चढ आणि ऊन.

रात्र मात्र कोजागिरीची होती. हरिहरेश्वरला ज्यांच्या घरी उतरलो त्या काकूंनी मोठ्या पातेल्यात दूध आटवायला ठेवलं होतं. वकीलबाईंच्या डोक्यात आलं, की दुधाला किंमत लावायची नाही, पण पेला घेणाऱ्याने पेटीत काहीतरी टाकायचं. आजूबाजूच्या घरांत उतरलेले पर्यटक आले, गावातली मंडळी आली. अंगणात तीस-पस्तीस माणसं जमली. चंद्र वर आल्यावर दातांच्या डॉक्टरांनी या पैशाची गोष्ट सांगितली.

ती सुरू होते मनिलात. २९ सप्टेंबर १९७९ ला फिलिपिन्सच्या राजधानीलगतच्या मकाटीमधल्या एका वस्तीत रोटरीचे तेव्हाचे जागतिक अध्यक्ष जेम्स बोमार यांनी एका बाळाच्या तोंडात पोलिओचे थेंब टाकले. त्या देशातल्या साठ लाख मुलांना डोस द्यायचं ते काम होतं. ते जमतंय असं दिसल्यावर १९८५ मध्ये साऱ्या जगासाठी पोलिओप्लस सुरू झालं. वर्गणीचं लक्ष्य होतं १२ कोटी डॉलर. १९८८ मध्ये बेरीज झाली तेव्हा ती निघाली २४ कोटी ७० लाख. दुपटीहून जास्त! त्याच वर्षी जागतिक आरोग्य सभेने पोलिओ जगातून घालवायचा ठराव केला. त्या वेळी सव्वाशे देशांत मिळून वर्षाला साडेतीन लाख मुलं लुळी पडत होती.

मी हे सगळं पहिल्यांदाच नीट ऐकलं. १९८८ मध्येच मी नोकरीला लागले होते. माझ्या पहिल्या पगाराच्या वर्षी कुणीतरी दूरदेशी माझ्या पेटीसाठी वर्गणी गोळा करत होतं, हे मला ठाऊक नव्हतं. दुधाचे २,८६० रुपये जमले. पातेलं घासायला आम्ही बायकाच नाही, इंजिनिअरिंगची तिन्ही मुलंही बसली.

१७ ऑक्टोबर, गुरुवार. हरिहरेश्वर ते हर्णै

बागमांडला-वेश्वी फेरी, मग केळशी, आंजर्ले. भात कापणीला आलं आहे आणि दुपारी आभाळ भरून येतं, त्यामुळे शेतातलं कुणी मान वर करून बघत नव्हतं. त्यांना थांबवायचं नाही असं आम्ही ठरवलं.

हर्णैला संध्याकाळी लिलावाच्या वेळी पोहोचलो. वाळूवर बैलगाड्या, टोपल्या, बर्फ आणि आरडाओरडा. मी पेटी घेऊन कडेला उभी राहिले. बर्फाच्या माणसांना बर्फाची पेटी लगेच कळते. एका मावशींनी झाकण उघडायला लावलं, आत हात घालून बाजू चाचपल्या आणि विचारलं, “यात बर्फ किती टिकतो?” मी सांगितलं, पॅक नीट गोठवलेले असले आणि झाकण सारखं उघडलं नाही तर दिवसभर टिकतो. पोलिओचे थेंब उष्णतेला फार नाजूक असतात. म्हणून कुपीवर एक खूण असते, गोलात चौकोन. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असेल तोवर डोस द्यायचा. दोन्ही एका रंगाचे झाले की कुपी बाद. “म्हणजे आमच्या सुरमईच्या कल्ल्यासारखं,” मावशी म्हणाल्या. “रंग बघूनच समजतं.” इतकं सोपं करून मला प्रशिक्षणातही कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांनी कमरेची पिशवी सोडली आणि शंभराची ओली नोट टाकली. मग त्यांनी हाक मारली आणि एकामागून एक बायका आल्या. पावती कुणालाच नको होती. मी मात्र आग्रहाने फाडत राहिले, कारण सार्वजनिक पैशाची पावती हवीच. नावं सांगताना त्या हसत होत्या. आयुष्यात कुणी त्यांच्या नावाने देणगीची पावती फाडली नसावी.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार. हर्णै ते गुहागर

दाभोळची खाडी आली की मला बोलायला सुचत नाही. या खाडीच्या दोन्ही काठांवर माझी नोकरी गेली.

आमच्या सायकली आज जंगलजेटीत चढल्या, टेम्पोही चढला, आणि दहाएक मिनिटांत धोपाव्याला उतरलो. मी सांगते ती गोष्ट जानेवारी २००१ ची. बूथवरचा रविवार झाला होता. घरोघरी जाऊन डोस द्यायची पद्धत सुरू होऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं. घरातल्या सगळ्या मुलांना डोस मिळाला की दारावर खडूने ‘पी’ लिहायचं, एक जरी राहिलं तरी ‘एक्स’. एक्स घरी पुन्हा जायचं, मिळेपर्यंत जायचं.

सड्यावरच्या धनगरवाडीत एक एक्स घर राहिलं होतं. चार महिन्यांची मुलगी. पहिल्या दिवशी कुलूप. दुसऱ्या दिवशी म्हातारी म्हणाली, सून पोरीला घेऊन भावाकडे गेली, कोळशाच्या भट्टीवर, खाडीपलीकडे. भट्टी नेमकी कुठे, ते म्हातारीला सांगता येईना. हाताने डोंगर दाखवला. तिसऱ्या दिवशी अंगणवाडीच्या बाई आणि मी पहाटे निघालो. केंद्रात जाऊन आइस पॅक बदलले, तरीतून, म्हणजे होडीतून, खाडी ओलांडली, आणि धूर बघत बघत चढलो. दोन भट्ट्या चुकल्या. तिसरीवर ती सापडली. आंब्याला झोळी बांधलेली, पोर झोपलेली, आई लाकडं रचत होती. आम्हाला बघून ती घाबरली. वाटलं, भट्टी बेकायदा म्हणून कुणी आलं.

कुपीवरचा चौकोन अजून फिका होता. दोन थेंब टाकले. पोरीने तोंड वाकडं केलं, मग गिळलं. डाव्या करंगळीला शाई लावली. काळ्या कोळशाच्या हातांनी आईने ती करंगळी उचलून बघितली. “एवढ्यासाठी आलात?” असं तिने विचारलं. हो, एवढ्यासाठीच.

परत येईपर्यंत शेवटची होडी गेली होती. काठावरच्या एका मुसलमान कुटुंबाने आम्हाला ठेवून घेतलं, गरम भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण वाढलं. त्या घरातल्या आजींनीही विचारलं होतं की पोरीला डोस मिळाला का.

आता हिशेब घाला. दोन बायकांचे तीन दिवस. दोन वेळा बदललेला बर्फ. होडीचं भाडं. वीस डोसांची कुपी एका थेंबाच्या जोडीसाठी उघडली. “पोलिओचा डोस तर स्वस्त असतो, मग एवढे पैसे कशाला लागतात?” असं जो कुणी विचारतो, त्याला मला ही भट्टी दाखवायची असते. पैसे थेंबाला फार लागत नाहीत. थेंब आणि मूल यांच्यामधल्या वाटेला लागतात. आणि ती वाट शेवटच्या मुलांपर्यंत जाते तेव्हा सगळ्यात लांब होते. देशात एका फेरीत सुमारे सतरा कोटी मुलांना डोस दिला जायचा. त्यातली बहुतेक बूथवर किंवा दारात भेटायची. उरलेल्यांच्या मागे वीटभट्ट्या, उसाचे फड, रेल्वेचे फलाट, बांधकामं आणि पूर आलेल्या कोसी नदीच्या काठची गावं पालथी घालावी लागली.

धोपाव्याच्या धक्क्यावर चहावाल्याने मला ओळखलं. पैसे घेतले नाहीत आणि वर पन्नास टाकले. गुहागरला रात्री कुणाशी फार बोलले नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार. गुहागर ते गणपतीपुळे

सकाळची शाळा म्हणून हेदवीच्या वाटेवर एका जिल्हा परिषदेच्या शाळेत थांबलो. चाळीस मुलं. पीटीच्या सरांनी सायकलची गिअर दाखवून त्यांना आधीच जिंकलं होतं. मला दहा मिनिटं मिळाली.

मी विचारलं, पोलिओचा विषाणू शरीरात गेला तर प्रत्येकाचा पाय जातो का? सगळी म्हणाली, हो. मी सांगितलं, नाही. अशा पाच शाळा एकत्र करा, म्हणजे दोनशे मुलं. दोनशे जणांना लागण झाली तर साधारण एकाला लुळेपणा येतो. बाकीच्यांना थोडा ताप येतो किंवा काहीच होत नाही. पण त्यांच्या शौचातून विषाणू बाहेर पडत राहतो, पाण्यात जातो, दुसऱ्याच्या पोटात जातो.

चौथीतली एक मुलगी उठून म्हणाली, “मग तो एक सापडलाच नाही तर?”

तिला मी जवळ बोलावलं. हाच प्रश्न मोठमोठ्या लोकांना पडला होता. म्हणून मग सांडपाणी तपासतात. मुंबईत २००१ पासून हे चालू आहे. गटाराचं पाणी बाटलीत घेऊन प्रयोगशाळेत न्यायचं आणि त्यात विषाणू शोधायचा. एकही मूल आजारी दिसत नसताना पाणी सांगतं, की इथे कुणीतरी आणलाय. मुलं ‘ई’ करून ओरडली, पण ती मुलगी नुसती मान हलवत होती. मुलांनी वर्गाच्या गल्ल्यातून १७२ रुपये दिले. गुरुजींनी मुलांकडूनच मोजून घेतले, दोनदा.

तवसाळहून फेरीने जयगड, आणि संध्याकाळी गणपतीपुळे. तिथे मन कडू झालं. देवळाबाहेर मोठ्या गाडीतून उतरलेल्या एका गृहस्थांनी पेटीवरची चिठ्ठी वाचली आणि मोठ्याने म्हणाले, “भारतातून पोलिओ गेला की केव्हाच. आता कुणाच्या खिशात जातात हे पैसे?” मी पावती पुस्तक पुढे केलं. त्यांनी हाताने बाजूला सारलं आणि गेले. आजूबाजूचे दोघे-तिघे पेटीकडे येत होते, तेही वळले.

रात्री पडल्या पडल्या वाटलं, बोलण्याची पद्धत वाईट होती, पण प्रश्न योग्य आहे. ज्यांनी पैसे द्यायचे त्यांनी विचारायलाच हवं. तर उत्तर असं.

२००९ मध्ये भारतात ७४१ मुलं पोलिओने लुळी पडली. जगातले जवळजवळ निम्मे रुग्ण आपल्या देशात. पुढच्या वर्षी ४२. त्याच्या पुढच्या वर्षी एक. पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यातली दोन वर्षांची मुलगी, १३ जानेवारी २०११. त्यानंतर कुणी नाही. २७ मार्च २०१४ ला आपल्याला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. त्या दिवशी आमच्या केंद्रात आम्ही पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पेट्या भरल्या. विषाणूचे तीन प्रकार होते. दुसरा प्रकार जगात शेवटचा दिसला तो १९९९ मध्ये आपल्याच अलीगढला. तिसरा गेल्याची घोषणा २०१९ मध्ये झाली. पहिला उरला आहे, पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात. २०२१ मध्ये दोन्ही देश मिळून पाचच रुग्ण होते, तेव्हा वाटलं की आता संपलंच. यंदा आकडे पुन्हा वर चढताहेत. तिकडे डोस पाजणाऱ्या बायकांवर गोळ्या झाडल्या जातात. माझ्यासारख्याच बायका, अशाच पेट्या. आपल्याकडे या ऑगस्टमध्ये मेघालयातल्या पश्चिम गारो हिल्स जिल्ह्यात एका मुलाला पोलिओ झाला. तो मूळ जंगली विषाणू नव्हता, लसीतून उद्भवलेला होता. तोंडावाटे देतात त्या लसीत दुबळा केलेला जिवंत विषाणू असतो. जिथे पुष्कळ मुलं डोसावाचून राहतात तिथे तो एकातून दुसऱ्यात फिरत राहतो आणि दीर्घ काळाने, क्वचित, पुन्हा बळ धरतो. हे लपवण्यासारखं नाही. उपाय तोच: मूल सोडायचं नाही.

त्या गृहस्थांना हे सांगायला मला पंधरा मिनिटं हवी होती. उद्यापासून हे सगळं कागदावर लिहून पेटीला चिकटवायचं ठरवलं.

२० आणि २१ ऑक्टोबर. रत्नागिरी, विजयदुर्ग

आरे-वारेचा घाट, खाली समुद्र. पोरांनी फोटो काढले. रत्नागिरीत रविवारी बाजारात पेटी फिरवली. कागद चिकटवल्याचा उपयोग झाला, लोक उभे राहून वाचतात, मग टाकतात. एका निवृत्त शिक्षकांनी माझ्या कागदातली शुद्धलेखनाची चूक काढली, ती सुधारली आणि पाचशे रुपये दिले.

सोमवारी भाट्ये, पावस, पूर्णगड असा लांबचा पल्ला. दुपारी तीनला वीज कडाडायला लागली आणि अक्षरशः आभाळ फाटलं. विजयदुर्गच्या अलीकडे अठरा किलोमीटरवर सगळ्यांना टेम्पोत घेतलं. किराणा दुकानदार ऐकेनात. “अठरा किलोमीटरचे पैसे कबूल केलेत लोकांनी, ते मी बसून कसे घेऊ?” शेवटी ठरलं, की मंगळवारी पहाटे सगळ्यांनी टेम्पोने मागे जाऊन त्याच ठिकाणापासून सुरुवात करायची. केलीही.

२२ ऑक्टोबर, मंगळवार. विजयदुर्ग ते मालवण

अठरा किलोमीटर जास्तीचे, त्यामुळे मालवण गाठायला अंधार पडला. वकीलबाईंचा गुडघा सुजला आहे. देवगड, कुणकेश्वर, आचरा ही नावं लिहून ठेवते, बघायला पुन्हा कधीतरी.

२३ ऑक्टोबर, बुधवार. मालवण ते वेंगुर्ला

वेंगुर्ला माझं माहेर. इथे माझा दादा राहतो, शिवणकाम करतो. वय पासष्ट.

१९६१ च्या पावसाळ्यात तो दोन वर्षांचा होता. चार दिवस ताप आला, पाचव्या दिवशी तो उभा राहीना. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. देशाच्या लसीकरण कार्यक्रमात पोलिओचा डोस यायला अजून सतरा-अठरा वर्षं होती. आईने तेल चोळलं, अंगारे लावले, बेळगावला डॉक्टरांकडे नेलं. आठ वर्षांचा होईपर्यंत त्याला कडेवर घेऊन शाळेत सोडलं. मग पायाला बांधायचा कॅलिपर आला, लोखंडाचा आणि चामड्याचा. घरात तो चालत आला की आधी त्याचा आवाज यायचा. पायाने मशीन चालवता येत नाही म्हणून त्याने हातमशीन घेतलं आणि एका हाताने कापड सरकवत चाळीस वर्षं अख्ख्या पेठेचे सदरे शिवले.

आई गेली तोवर तिला वाटत राहिलं, की आपण त्याला पावसात भिजू दिलं म्हणून पाय गेला. मी नर्स झाल्यावर तिला समजावलं, की हा विषाणू पोटातून जातो, पावसाचा काही संबंध नाही. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, “तरी पण.”

गेली सहा-सात वर्षं त्याचा चांगला पायही दमायला लागला आहे, खांदेही. डॉक्टर म्हणाले, याला पोस्ट-पोलिओ म्हणतात. उरलेल्या स्नायूंनी आयुष्यभर दुप्पट काम केलं, ते आता थकले. त्याने मला फोनवर सांगितलं होतं तेव्हा मी पाणी प्यायला म्हणून उठले आणि खूप वेळ स्वयंपाकघरातच उभी राहिले.

सायकली दुकानाशी थांबल्या तेव्हा तो दारात खुर्ची टाकून बसला होता. नऊ जणांना त्याने ओळीने बघितलं, त्यांच्या पोटऱ्यांकडे बघितलं, हसला. इंजिनिअरिंगच्या मुलाने पेटीवरचा कागद वाचून दाखवला. तेव्हा दादा म्हणाला, “माका लोक इचारतत, आता पोलिओ खंय आसा? मी म्हणतंय, हयसर बसलो आसा बघ.”

कुणीच काही बोललं नाही. वहिनी सोलकढी घेऊन आली.

मग त्याने मशीनखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. मी फोनवर सायकलींचं सांगितलं त्या दिवसापासून तो प्रत्येक कपड्यामागे दहा रुपये बाजूला टाकत होता. ४,३१० रुपये. हे दहा रुपये त्याला किती जड आहेत ते मला माहीत आहे. मी पावती पुस्तक उघडलं आणि त्याचं नाव लिहायला लागले. त्याने माझा हात धरला.

“माजा नाव नुको. आवशीच्या नावान फाड गो बाय.”

आईचं नाव लिहिलं. पुढे ‘यांच्या स्मरणार्थ’ असं लिहायचं असतं, ते लिहिलं. त्याने पावती वाचली, घडी केली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. तो खिसा त्याने स्वतःच शिवलेला.

२४ ऑक्टोबर, गुरुवार. वेंगुर्ला ते पणजी

आज जागतिक पोलिओ दिन. सकाळीच बातमी वाचली, की उत्तर गाझातली डोसांची फेरी बॉम्बफेकीमुळे पुढे ढकलली. तिथे पंचवीस वर्षांनी पोलिओ परतला आहे, दहा महिन्यांच्या बाळाला लुळेपणा आला आहे. सप्टेंबरमध्ये काही तासांसाठी लढाई थांबवून डोस दिले होते. दुसरा डोस ठरलेल्या वेळेत मिळाला नाही तर पहिल्याचा उपयोग कमी होतो. थांबलेल्या पेट्यांमधला बर्फ कुणी बदलत असेल का, एवढंच माझ्या डोक्यात फिरत राहिलं.

शिरोडा, आरोंदा, किरणपाणीचा पूल, आणि गोवा. दुपारी मांडवीचा पूल ओलांडून पणजीत शिरलो. तिथल्या रोटरीच्या मंडळींनी नारळपाणी दिलं. मग एका सभागृहात चटई घालून पेटी उपडी केली. नोटा ओल्या, हर्णैचा वास अजून तसाच. पंख्याखाली पसरून वाळवल्या. दोघांनी मोजायचं, तिसऱ्याने तपासायचं, पावत्यांच्या स्थळप्रतींशी ताळा घालायचा. पेटीतले ६१,४७० रुपये. किलोमीटरचे ३ लाख १२ हजार. मिळून साधारण साडेचार हजार डॉलर, आणि वरची दुप्पट भर धरली तर तेरा हजारांच्या पुढे. वकीलबाईंनी सूज आलेल्या गुडघ्यावर वही ठेवून आकडे लिहिले आणि खाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार. परतताना

सायकली टेम्पोवर बांधल्या आणि सकाळी निघालो. पेडण्याच्या पुढे महामार्गाचं काम चालू आहे तिथे चहाला थांबलो. कडेला कामगारांची पालं होती. मी पेटी घेऊन बाकड्यावर बसले होते, रिकामी पेटी, सवयीने हातात. एका पालातून कडेवर मूल घेतलेली बाई आली. पेटीकडे बोट दाखवून तिने मुलाची डावी करंगळी माझ्यापुढे धरली. तिला वाटलं, आज डोस आहे.

ती विजापूरकडची. मोडक्या हिंदीत बोलली. प्लास्टिकच्या पिशवीतून तिने मुलाचं कार्ड काढलं. जन्माचा डोस झालेला, सहा आणि दहा आठवड्यांचा झालेला. चौदा आठवड्यांचा रकाना कोरा. मुलगा पाच महिन्यांचा. मधे काम बदललं, गाव बदललं.

मी चहावाल्याला विचारलं, सरकारी दवाखाना किती लांब. सात किलोमीटर म्हणाला. तिच्या मुकादमाला सांगायला पीटीचे सर गेले. टेम्पोत पुढे जागा होती. तिला खिडकीशी बसवलं आणि पेटी मी मांडीवर घेतली.